फादर्स डेला चर्चमध्ये बाबांबद्दल बोलायचं आहे. चिंचेच्या फोकाचं काय करू?

वाडीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जूनच्या तिसऱ्या रविवारी मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) संपल्यावर वडिलांबद्दल पाच मिनिटं बोल, असं फादरांनी घरी येऊन सांगितलं. नाही म्हणवेना. तीन रात्री वही घेऊन बसतोय, पण चार ओळींच्या पुढे गाडी जात नाही. बायको म्हणाली, धाग्यावर लिहून बघ, मन मोकळं होईल.

आम्ही वसईचे. बाबा ७९ वर्षांचे आहेत. केळीची आणि मोगऱ्याची वाडी त्यांनी एकट्यानं सांभाळली. पहाटे तीनला बॅटरी घेऊन कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि पहिल्या गाडीनं दादरचा फुलबाजार गाठायचा. पावसात, अंगात ताप असताना, आजी गेली त्याच्या चौथ्या दिवशीसुद्धा. आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं त्या कळ्यांवर झाली. संध्याकाळी सातला घरात रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, त्यात कधी खंड नाही. गेली दोन वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश आहे. मला कधी ओळखतात, कधी त्यांचा वारलेला धाकटा भाऊ समजून विहिरीवरच्या मोटरची चौकशी करतात.

हेच बाबा आम्हाला चिंचेच्या फोकानं मारायचे. फोक ओसरीवर वाशाला खोचलेला असायचा. त्यांनी मान वर करून वाशाकडे नुसतं पाहिलं तरी आमच्या पोटात गोळा यायचा.

दोन गोष्टी मनातून जात नाहीत. अकरा वर्षांचा असताना आम्ही पोरांनी शेजारच्या वाडीतले जाम तोडले आणि तोडताना त्यांची वांग्याची रोपं तुडवली. बाबांनी आधी मारलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर हाताला धरून मला त्या वाडीत नेलं आणि शेजाऱ्यांना म्हणाले, "आठ दिवस तुमच्या वांग्यांना हा पाणी घालील." मला वाटलं, आता मला इथे सोडून जातील. गेले नाहीत. दुसरी कळशी त्यांनी उचलली. आठही दिवस, दादरहून परतलेले, पायाला सूज, तरी माझ्या शेजारच्या वाफ्यात वाकून पाणी घालत होते. मी कळशी वरूनच उपडी करत होतो, तेव्हा म्हणाले, "मुळाशी घाल, पानावर नको." आठ दिवसांत तेवढंच बोलले.

दुसरी पुढच्या वर्षीची. कपाटातले वीस रुपये गेले. मी घेतले नव्हते. पाठीवरचे वळ चार दिवस होते. दुसऱ्याच दिवशी नोट आईच्या साडीच्या घडीत सापडली. बाबा एक शब्द बोलले नाहीत. आता बोलायची वेळही गेली.

आणि गेल्या महिन्यात माझ्या बारा वर्षांच्या मुलानं आजोबांच्या औषधाच्या डब्यात ठेवलेले ५०० रुपये मोबाइलवरच्या खेळात घालवले, वर तोंडावर खोटं बोलला. माझा हात उठला. कानाखाली. तो रडला नाही. माझ्या हाताकडे पाहत राहिला, पुन्हा येतोय का ते. ती नजर मला पाठ आहे. वाशाकडे बघणारा मी तसाच बघायचो.

तर देवाच्या घरात उभं राहून बाबांबद्दल खरं बोलायचं आणि त्यांचा मानही राखायचा, हे कसं जमवायचं? आणि मुलाला शिस्त कशानं लावायची?

नगरची_लेक

जय ख्रिस्त, वाडीकरदादा. शब्बाथ शाळेत २२ वर्षं मुलांना शिकवते आहे, त्या अनुभवावर लिहिते.

"आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख." बायबलच्या दहा आज्ञांपैकी तुम्हा कॅथलिकांत ही आज्ञा चौथी, आम्हा प्रॉटेस्टंटांत पाचवी. मोजायची रीत वेगळी, आज्ञा तीच. ह्या 'मान राख'साठी मूळ हिब्रूत 'कब्बेद' असा शब्द आहे आणि त्याचं मूळ जडपणात आहे. म्हणजे वजन दे. आपणही म्हणतोच की, अमक्याच्या शब्दाला वजन आहे. बापाचं कौतुक कर, तो कधी चुकला नाही असं सांग, असं देवानं कुठे म्हटलेलं नाही. तीन रात्री तुम्ही ज्या माणसाचं ओझं मनावर घेऊन बसलाय, त्याला तुम्ही हलकं केलेलं नाही, एवढं नक्की.

आणि ती आज्ञा काही फक्त शाळकरी पोरांसाठी नव्हती. आज्ञा मिळाल्या तेव्हा सिनाय डोंगराखाली उभी होती ती कर्ती माणसं, म्हातारे आईबाप सोबत घेऊन वाळवंटात चाललेली. 'आईबाबांचं ऐक' एवढाच अर्थ आपण मुलांना शिकवतो आणि मोठे झालो की ती आज्ञा आपल्यासाठी संपली असं धरून चालतो.

दुसऱ्या प्रश्नाला प्रेषित पौलाचं उत्तर आहे, इफिसकरांस पत्र, अध्याय ६. मुलांना आज्ञाधारक व्हा असं सांगून झालं की तो लगेच बापांकडे वळतो: "आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." ज्या रोमी जगात हे पत्र वाचलं गेलं तिथे कायद्यानं बाप घराचा धनी होता, मोठ्या मुलाच्या जिवावरसुद्धा त्याचा हक्क होता. जन्मलेलं मूल ठेवायचं की टाकायचं, हेही तोच ठरवायचा. अशा बापाला, मुलांच्या देखत, मंडळीत, कुणी सांगतंय की तुलाही मर्यादा आहे. त्या दिवशी मागे उभ्या असलेल्या पोरांनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आपल्या भाषांतरातला 'चिरड' हा शब्द मला फार जवळचा वाटतो. राग वेगळा आणि चिरड वेगळी. चिरड येते ती आपलं कुणी ऐकूनच घेत नाही म्हणून. तुमचे वीस रुपये म्हणजे अगदी तीच.

जुनी_ओसरी

वाडीकर, मी तुमच्याहून वयाने मोठा आहे. ७४ पूर्ण, मुक्काम जालना. म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

बायबलातले नीतिसूत्रे १३:२४ वाचा. जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी. हे शास्त्र आहे, मी केलेला नियम नव्हे. आणि छडी आवरणाऱ्यांचे काय झाले तेही शास्त्रातच आहे. एली याजकाचे मुलगे अर्पणातले मांस ओरबाडून खात, बापाने नुसते तोंडाने समजावले, आवरले नाही. शेवटी एकाच दिवशी दोघे मेले आणि ती बातमी ऐकून तोही आसनावरून पडून मेला. दावीद राजाचे पाहा. त्याचा मुलगा अदोनीया ह्याच्याबद्दल १ राजे १:६ मध्ये एकच ओळ आहे, की 'तू असे का केलेस' असे विचारून बापाने त्याला जन्मात कधी दुखवले नाही. तो पुढे बापाच्या जिवंतपणी गादीवर बसायला निघाला.

तुमच्या वडिलांनी मारले म्हणून तुम्ही आज माणसांत आहात. मी माझ्या दोन्ही मुलांना मारले, दोघेही चांगल्या हुद्द्यावर आहेत. चर्चमध्ये उभे राहून फोकाचे रडगाणे गाऊ नका. बापाची झाकली मूठ राहू द्या.

पारनेरी

ओसरीकाका, सलाम. तुमचा मान राखून थोडं वेगळं मांडतो.

नीतिसूत्रांत छडीसाठी हिब्रू शब्द 'शेबेट' आहे. तोच शब्द २३व्या स्तोत्रात आहे, "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." माराची काठी धीर कशी देईल, हे मला लहानपणी कळायचं नाही. आमच्या पारनेर तालुक्यात धनगरांची मेंढरं दरवर्षी आमच्या रानात बसायला असतात, खतासाठी. संध्याकाळी वाघर (जाळीचं कुंपण) लावून झाली की म्हातारा तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहतो. एकेक मेंढरू त्या काठीखालून आत जातं. तो मोजतो, आणि एखादं लंगडत असेल तर काठीनंच अडवून बाजूला घेतो, खूर बघतो, काटा काढतो. लेवीय २७ मध्ये हेच आहे, कळप काठीखालून जायचा आणि प्रत्येक दहावं परमेश्वराचं. इतकी वर्षं बघतोय, मेंढराला त्या काठीचा फटका बसलेला मी क्वचितच पाहिला. वाट चुकणाऱ्याच्या पुढ्यात ती जमिनीवर आपटतात. लांडगा आला तर मात्र ती पूर्ण ताकदीनं चालते, पण लांडग्यावर.

नीतिसूत्रांत शिक्षेचा मार अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. २३व्या अध्यायात तो सरळ शब्दांत आहे आणि ते वाक्य वाकवायचं नाही. पण त्याच पुस्तकातली शिस्त म्हणजे नुसती छडी नव्हे. चौथ्या अध्यायात बाप मुलाजवळ बसून सांगतो, की मीही माझ्या बापाचा मुलगा होतो, त्यानं मला काय शिकवलं ते ऐक. ह्या ओळीवर मी अजून एकही संदेश ऐकलेला नाही.

वाडीकर, तुमच्या बाबांची खरी काठी ती दुसरी कळशी होती.

शांत_पाणी

मी इथे फक्त वाचत असते. आज लिहिते.

माझे वडील प्यायचे आणि मारायचे. आईला जास्त, मला आणि भावाला उरलेलं. रविवारी पांढरा सदरा घालून पहिल्या बाकावर. आईनं कुणाकडे तोंड उघडलं की तिला हीच आज्ञा ऐकवायचे, नाहीतर पत्नींनी अधीन असावं ते वचन. माझ्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलंय. शाळेत मी 'पायरीवरून पडले' असं सांगितलं होतं आणि सांगताना मला वाटत होतं की मी आज्ञा पाळतेय.

आता ते थकलेत. मी वेगळ्या शहरात राहते. दर महिन्याला औषधं आणि किराण्याचे पैसे भरते, दवाखान्यात न्यायला माणूस ठरवलाय. भेटायला जात नाही, गेले की पुढचे आठ दिवस झोप येत नाही. मंडळीतल्या बायका म्हणतात, तू बापाचा मान राखत नाहीस. ओसरीकाका, झाकली मूठ म्हणालात तेव्हा माझं मनगट दुखलं. तुम्हाला दुखवायचं नाही. पण झाकलेल्या मुठीत काय काय असतं, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

वेदीजवळ

ताई, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो, तेवढ्या अधिकारानं सांगतो. तुम्ही ती आज्ञा मोडलेली नाही.

मार्क, अध्याय ७ उघडा. येशू हीच आज्ञा उच्चारतो, आणि कशासाठी? काही लोक आईबापाला द्यायचे पैसे 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असं म्हणून मोकळे होत होते आणि म्हाताऱ्यांचे हाल होत होते. येशूनं त्यांना त्याबद्दल झाडलं. म्हणजे त्याच्या लेखी मान ही हातानं करायची गोष्ट होती. भाकरी, औषध, छप्पर. ते तुम्ही दर महिन्याला करताय, ज्यानं तुमचं हाड मोडलं त्याच्यासाठी. ह्याहून मोठा मान मला माहीत नाही. भेटीला जायचं की नाही, ते तुमच्या जखमेनं ठरवावं, बाकावरच्या बायकांनी नव्हे.

आमच्या कॅथलिक धर्मशिक्षणात हा फरक स्पष्ट आहे. आज्ञापालन मूल स्वतंत्र झालं की संपतं, आदर संपत नाही. आणि लहान असतानाही पापाला साथ द्यायला बापाचा शब्द बांधत नाही. मार लपवायला लावणं हे तसलंच.

नोहाची गोष्ट लोक झाकपाक करायला वापरतात. तो पिऊन डेऱ्यात उघडा पडला, दोन मुलांनी पाठमोरं चालत जाऊन त्याच्यावर वस्त्र टाकलं. त्यांनी बापाची लाज झाकली. बाप कुणाला मारत असता तर तेव्हा पाठ फिरवून चालून भागलं नसतं.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात आज असं चालू असेल, तर लहान मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. फोन करणं म्हणजे बापाचा अपमान नव्हे.

वाडीकर, तुमच्यासाठी बायबलातलं इब्री लोकांस पत्र, १२:९-१०. देवाच्या शिस्तीबद्दल लिहिताना लेखक सहज म्हणून जातो, की आपल्या बापांनी थोडे दिवस, त्यांना बरं वाटलं तशी शिक्षा केली. 'त्यांना बरं वाटलं तशी.' म्हणजे बापाची समज तोकडी असते हे शास्त्रानं धरूनच ठेवलंय, आणि तरी त्याच दमात म्हटलंय की आपण त्यांचा मान राखत होतो. ही दोन्ही एका जागी बसतात. तुमच्या पाच मिनिटांतही बसतील.

नगरची_लेक

शांत_पाणी, जवळ असतीस तर तो हात हातात घेतला असता. एवढंच.

उत्तरेकडून

मी मूळचा सोलापूरचा, आता स्वीडनमध्ये. इथे १९७९ पासून आईबापानंही मुलावर हात उगारायला कायद्यानं बंदी आहे, असा कायदा करणारा हा जगातला पहिला देश. आलो तेव्हा मला वाटलं होतं, इथली पोरं डोक्यावर मिऱ्या वाटत असतील. तसं काही दिसलं नाही. पण एक सांगतो, मारायचं नाही म्हटल्यावर बापाला घरी लवकर यावं लागतं. थप्पड अर्ध्या मिनिटाची असते. मुलानं भिंतीवर मारलेल्या रेघा त्याच्याबरोबर बसून पुसायला माझी अख्खी शनिवारची दुपार गेली होती.

इथलं चर्च धर्मसुधारक मार्टिन लूथरचं. त्याला एका अक्रोडापायी आईनं रक्त येईपर्यंत मारलं होतं, हे तो मोठेपणीही विसरला नव्हता. आणि तोच म्हणायचा, छडीशेजारी सफरचंद ठेवा. छडी टाकून द्या असं तो म्हणाला नाही, पण पाचशे वर्षांपूर्वी तिथवर येणंही थोडं नव्हे.

मांडवीकाठ

देव बरें करूं. पणजीहून लिहितेय, मराठी शाळेत शिकले म्हणून मराठीत.

सगळे काठीबद्दल बोलताहेत, मला हाताबद्दल सांगायचंय. आमच्याकडे तेर्स, म्हणजे रोजरी, संपली की धाकट्यापासून सुरुवात करून प्रत्येकानं थोरांकडे 'बेसांव' मागायचं. बेसांव म्हणजे आशीर्वाद. पाय (आम्ही वडिलांना पाय म्हणतो) डोक्यावर हात ठेवायचे. दिवसभर कितीही बोलणी खाल्लेली असोत, बेसांव चुकायचं नाही. एकदा मी रुसून गेले नाही तर पाय जेवायला बसेनात, पान वाढलेलं तसंच. मी जाऊन समोर उभी राहिले, त्यांनी हात ठेवला, मग घास घेतला.

वाडीकरबाब, तुमच्याकडेही हे होतं का? वीस रुपयांच्या त्या रात्री काय झालं होतं?

वाडीकर

मांडवीकाठताई, तुमच्या प्रश्नानं माझी रात्र गेली.

होतं. आमच्याकडेही रोजरीनंतर आशीर्वाद मागायचा. त्या रात्री मी गेलो होतो की नाही, काही केल्या आठवेना. म्हणून काल नंदाखालला थोरल्या बहिणीला फोन केला. ती तेव्हा सोळा वर्षांची होती.

ती म्हणाली, "तू गेला नव्हतास. पालथा झोपला होतास, पाठीला खोबरेल लावलं होतं. सगळे झोपल्यावर बाबा उठले, तुझ्या डोक्याशी बसले, डोक्यावर हात ठेवला. मग ओसरीवर गेले, फोक काढला आणि चुलीत घातला. मी जागी होते."

मी म्हटलं, नंतर दुसरा आणला असेल. ती म्हणाली, "आठवून बघ. बाराव्या वर्षानंतर मार खाल्ल्याचं आठवतं का तुला?"

नाही आठवत. मी पस्तीस वर्षं वाशाकडे बघत होतो. तिथे फोक नव्हता.

बाबांनी तोंडानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. बारा वर्षांच्या पोराला चूल दिसली नाही. ते खोटं खोटं पुसून टाकणार नाही. पण आता लिहायला जमतंय.

वेदीजवळ

वाडीकर, लिहायला बसला असाल तर अजून एक. ख्रिस्तजन्मानंतरच्या रविवारी, पवित्र कुटुंबाच्या सणाला, आपण सिराखच्या तिसऱ्या अध्यायातून वाचतो. बाळा, म्हातारपणी बापाला सांभाळ, आणि त्याची बुद्धी चालेनाशी झाली तरी त्याला समजून घे, तुझ्या अंगात बळ आहे म्हणून त्याला तुच्छ लेखू नकोस. स्मृतिभ्रंश हा शब्द नव्हता तेव्हाचं हे लिहिणं आहे. ते तुमच्या घरासाठीच लिहिल्यासारखं आहे.

नगरची_लेक

हे पुस्तक आमच्या बायबलच्या ६६ पुस्तकांत नाही, तुमच्या ७३ मध्ये आहे. तरी ती ओळ मी वहीत उतरवून घेतली. माझ्या सासऱ्यांना रोज तीनदा सांगावं लागतं की जेवण झालंय. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढतो.

पारनेरी

अवांतर होतंय, पण मरीयेचा नवरा, येशूला वाढवणारा योसेफ, त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही. अख्ख्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. स्वप्न पडतं, तो उठतो, निघतो, काम करतो. बारा वर्षांचा येशू मंदिरात राहून गेला, तीन दिवस शोधलं, तेव्हाही बोलली ती मरीया. आणि लूक लिहितो की मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. देवाचा पुत्र एका सुताराच्या आज्ञेत! बाराव्या वर्षी पोरगं हातचं सुटतंय असं वाटणारे आपण पहिलेच बाप नाही.

वेदीजवळ

पारनेरी, आमच्याकडे तो संत जोसेफ. ८ डिसेंबर २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच्यावर एक पत्र काढलं आणि पुढचं अख्खं वर्ष त्याच्या नावानं पाळलं गेलं. मूल जन्माला घातलं म्हणून कुणी बाप होत नाही, त्याची जबाबदारी उचलून होतो, असं त्यात आहे. आणि मुलावर मालकी न गाजवणं ही बापाची मोठी कसोटी मानलीय. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा माझी मुलगी घर सोडून नोकरीला गेली तेव्हा.

जुनी_ओसरी

चार दिवस इथे लिहिले नाही. वाचत होतो.

शांत_पाणी, बेटा, 'झाकली मूठ' हा शब्द मी परत घेतो. तुझ्या मनगटाचे वाचून मी सौभाग्यवतीला विचारले, की आपल्या थोरल्याला मी कधी असे मारले होते काय. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "दहावीच्या निकालाच्या दिवशी. पट्ट्याने." मला आठवत नव्हते. खरेच आठवत नव्हते. तिला महिना, वार, त्याच्या अंगातला सदरा, सगळे आठवते.

दोन्ही मुले चांगल्या हुद्द्यावर आहेत असे मी वर लिहिले. ते खरे आहे. थोरला पुण्यात असतो, दर रविवारी फोन करतो. आईला करतो. 'बाबा बरे आहेत ना' असे तिला विचारतो. मी शेजारच्या खुर्चीत असतो. अकरा वर्षे झाली. कामाच्या व्यापात असतो, असे मी धरून चाललो होतो.

अदोनीयाची ओळ मी तुम्हाला सांगितली, पण दाविदाची दुसरी ओळ सांगितली नाही. बापावर उलटलेला मुलगा अबशालोम मेल्यावर तो वेशीवरच्या खोलीत जाऊन रडला, माझ्या पुत्रा, तुझ्या जागी मी का नाही मेलो. त्याच्या आधी अबशालोम दोन वर्षे यरुशलेमेत राहत होता आणि बापाने त्याला तोंड दाखवले नव्हते. एकाला कधी टोकले नाही, दुसऱ्याला दोन वर्षे भेटला नाही. मी रविवारच्या संदेशात हे दोन्ही दाखले अनेकदा दिले आहेत.

शिस्त हवी ह्यावर मी आजही ठाम आहे. पट्ट्याचे मी समर्थन करणार नाही.

शांत_पाणी

काका, वाचलं. आभारी आहे.

तुम्ही त्याला फोन करा.

मांडवीकाठ

शांत_पाणी 🙏

वाडीकर

मंडळी, रविवार झाला.

आधी मुलाचं सांगतो. गुरुवारी रोजरीनंतर सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "तू पैसे घेतलेस, खोटं बोललास, ते चूक होतं आणि त्याची भरपाई तू करशील. पण मी तोंडावर मारलं ते माझं चुकलं, मला माफ कर." शेवटचे तीन शब्द बोलताना घसा दाटला. बाबांना ते का जमलं नसेल, हे तेव्हा कळलं. पोरगा गोंधळला, आईकडे बघायला लागला. मग म्हणाला, "भरपाई काय?" एक महिनाभर संध्याकाळचा तास आजोबांचा. चहा, औषध, वाडीत फेरी. आणि तो तास मीही घरी असणार, असं मीच ठरवलं. उत्तरेकडून म्हणाले ते खरं आहे, मला ऑफिसातून पाच चाळीसची गाडी पकडावी लागते.

चर्चमध्ये सगळं सांगितलं. फोक, वांगी, वीस रुपये, चूल. सिराखची ओळ वाचली. पाच मिनिटांची साडेसात झाली, फादर काही बोलले नाहीत. बाबा तिसऱ्या बाकावर होते, सदऱ्याचं वरचं बटण लावून. माझ्या बोलण्यात मध्येच मोठ्यानं म्हणाले, "मोटर बंद केली का?" लोक हसले नाहीत. माझ्या मुलानं त्यांच्या कानात सांगितलं, "केली, आजोबा."

बाहेर आल्यावर दोन पुरुष माझ्याजवळ आले, दोघेही पन्नाशीचे. एकानं नुसता खांदा दाबला. दुसरा म्हणाला, आमच्याकडे फोक नव्हता, सायकलची ट्यूब होती. मग बराच वेळ आम्ही ग्रोटोजवळ, मरीयामातेच्या गुहेपाशी, उभे होतो.

संध्याकाळी वाडीत गेलो. यंदा पाऊस लांबलाय, मोगऱ्याला पाणी घालावं लागतंय. मुलगा नळी धरून उभा, अर्धं लक्ष दुसरीकडे, पाणी नुसतं फांद्यांवर उडत होतं. बाबा खुर्चीतून उठले. गेले कित्येक दिवस ते आधाराशिवाय उठत नाहीत. त्याच्यामागे जाऊन त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि हळूच खाली वाकवलं.

"मुळाशी घाल," म्हणाले. "पानावर नको."

जुनी_ओसरी

काल संध्याकाळी थोरल्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. येत्या रविवारी पुन्हा लावतो.